उंदराची परीक्षा

एखाद्या जिवाच्या स्मरणशक्तीची परीक्षा घ्यावयाची आणि त्यास आपली भाषा तर येत नाहीं. मग काय करावें? स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील रिचर्ड मॉरिस या शास्त्रज्ञानें १९८१ सालीं यासाठीं एक साधी युक्ति प्रसिद्ध केली. वाटोळ्या हौदांत दुधासारखें पांढुरकें पाणी भरावयाचें व त्याखालीं, वरून दिसणार नाहीं असा, एक लहानसा चौथरा ठेवावयाचा. हौदांत सोडलेला उंदीर आधारासाठीं पोहत फिरतो आणि चौथरा सांपडला कीं त्यावर उभा राहतो. असें पुन्हा पुन्हा झाल्यावर तो खोलींतील खुणा ध्यानांत ठेवून नेमका त्याच जागीं जाऊं लागतो.

पुढें एखादें जनुक मुद्दाम निकामी केलेले उंदीर निपजविण्याची विद्या साध्य झाली. १९९२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील सिल्वा, तोनेगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेंदूंतील एक विशिष्ट एन्झाइम नसलेले उंदीर याच परीक्षेस बसविले. लपलेला चौथरा शिकणें त्यांस जड गेलें. एका जनुकाचा स्मरणाशीं असा संबंध प्रयोगानें दिसावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

परंतु आमच्या मनांत अधिक ठसली ती या शास्त्रांतील सावधगिरी. हौदांत चुकणारा उंदीर विसराळूच असतो असें नाहीं. ‘सी-३-एच’ नांवाच्या वाणाच्या कित्येक उंदरांचें नेत्रपटल जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत निकामी होतें. ज्यांस खुणाच दिसत नाहींत, त्यांनीं लक्षांत काय ठेवावें? म्हणून जाणते परीक्षक चौथरा उघडा ठेवून किंवा त्यावर निशाण लावूनहि पाहतात. दिसणारा चौथराहि ज्यास गांठतां येत नाहीं, त्याच्या स्मरणाविषयीं निकाल देण्याचा अधिकार परीक्षकास नाहीं.

डोळे व हातपाय ठीक असले तरी संशय संपत नाहीं. १९९९ सालीं क्रॅब, वाल्स्टेन व डुडेक यांनीं पोर्टलंड, एडमंटन व ऑल्बनी या तीन शहरीं त्याच वाणांचे, सारख्याच वयाचे उंदीर घेऊन, सारख्याच उपकरणांनीं व ठरल्या वेळीं परीक्षा घेतल्या. तरीहि कांहीं निकाल ठिकाणागणिक वेगळे आले!

हें वाचीत असतां आम्हांस आमच्या आत्याबाईंची आठवण झाली. त्यांचें वय ऐंशीच्या पुढें. गेल्या वर्षीं त्या विचारल्या प्रश्नास भलतेंच उत्तर देऊं लागल्या. देवघरांतील पळी समोर असतांना शोधूं लागल्या. ‘आत्याबाईंना आतां भ्रम होतो,’ असें घरांत हळूं आवाजांत बोलणें सुरू झालें. कोठीच्या किल्ल्या त्यांच्याकडून काढून घ्याव्या, येथवर गोष्ट आली. डॉक्टरांनीं मात्र स्मृतीचा प्रश्न बाजूस ठेवून आधीं त्यांचे कान तपासले, मग डोळे. मोतीबिंदु निघाला, कानास यंत्र बसलें. आत्याबाईंचा विसराळूपणा सगळा गेला असें आम्ही म्हणणार नाहीं. पण त्या काय विसरतात आणि त्यांना काय ऐकूं येत नाहीं, हें आतां निरनिराळें कळतें. किल्ल्या अद्याप त्यांच्याच कनवटीस आहेत.

उंदरास मंद ठरविण्यापूर्वीं त्यास दिसतें कीं नाहीं हें पाहण्याची रीत प्रयोगशाळेंत आहे. घरांतील माणसास, मग तें वयोवृद्ध असो कीं शाळकरी पोर असो, त्याहून कमी न्याय मिळावा हें बरें नव्हे.