डोंगर चढणारी बोट

मुलांनो, बोट डोंगर चढू शकते का? “काहीतरीच काय!” असं म्हणाल तुम्ही. पाणी उतारावरून खाली येतं, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असतं. मग बोट वर जाणार कशी? पण युरोपात बोटी खरोखरच डोंगर चढतात आणि पलीकडे उतरतातसुद्धा. चला, आज अशाच एका बोटीतून फिरून येऊ. नकाशाच्या पुस्तकात युरोपचं पान उघडा. आईबाबांनाही जवळ बसवा. या बोटीचं एका माणसाचं तिकीट काही लाख रुपयांचं असतं. आपला प्रवास मात्र अगदी फुकट!

नेदरलँड्समधल्या ॲम्स्टरडॅमवर बोट ठेवा. इथून निघायचं आणि साधारण पंधरा दिवसांनी हंगेरीची राजधानी बुडापेस्टला पोहोचायचं. आपली बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारं हॉटेलच. गुबगुबीत गाद्या, मोठाल्या काचेच्या खिडक्या, जेवायला पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. दीड-दोनशे प्रवासी सहज मावतात. बोट १३५ मीटरपर्यंत लांब, पण रुंदी फक्त साडेअकरा मीटरच्या आसपास. एवढी लांबुडकी का बरं? थांबा, उत्तर पुढे येईलच.

आधी लागते ऱ्हाईन नदी. ती स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतातून निघून उत्तर समुद्राला मिळते. आपण तिच्या प्रवाहाविरुद्ध चाललो आहोत. कोलोन शहरात १५७ मीटर उंचीचे जुळे मनोरे दिसतात. हे तिथलं कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च. त्याचं काम १२४८ साली सुरू झालं आणि संपलं १८८० साली! मधे कित्येक वर्षं ते बंदच होतं.

पुढे कोब्लेंझपासून बिंगेनपर्यंत दोन्ही काठांवर डोंगर, द्राक्षांचे मळे आणि किल्लेच किल्ले. काउब गावाजवळ तर एक पांढराशुभ्र किल्ला थेट नदीच्या मधोमध बसला आहे. लढाईसाठी नव्हे बरं का, जकात वसूल करण्यासाठी! येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना अडवून इथे पैसे घेत. हे काउब गाव लक्षात ठेवा. आपल्याला इथे पुन्हा यायचं आहे.

माइंझ शहरापाशी ऱ्हाईनला माईन नदी मिळते. आपण माईनमध्ये वळतो आणि बांबेर्गपर्यंत जातो. आता खरी गंमत! आपल्याला जायचंय डॅन्यूब नदीत, पण मधे आहे डोंगराळ प्रदेश. त्याच्या अलीकडचं पाणी उत्तर समुद्रात जातं आणि पलीकडचं काळ्या समुद्रात. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पावसाचं नाही का होत तसं? एका बाजूचं पाणी अरबी समुद्राला, दुसऱ्या बाजूचं बंगालच्या उपसागराला. याला जलविभाजक म्हणतात.

हा जलविभाजक ओलांडायचं स्वप्न फार जुनं. इ. स. ७९३ मध्ये शार्लमेन राजाने इथे कालवा खणायला घेतला. पण पाऊस कोसळत होता आणि जमीन होती दलदलीची. दिवसा खणलेली माती रात्री पुन्हा खाली घसरे. शेवटी काम सोडून द्यावं लागलं. त्या खोदकामाचा काही भाग आजही दिसतो. शेजारच्या गावाचं नावच आहे ग्राबेन, म्हणजे जर्मन भाषेत ‘चर’! मग हजार वर्षांनी बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने कालवा पुरा केला. तो १८४६ साली पूर्ण झाला. पण तो अरुंद होता, आणि आगगाडी त्याच्याहून वेगवान निघाली. १९५० साली तो बंद झाला. आज आपण जातो तो १७१ किलोमीटरचा नवा कालवा २५ सप्टेंबर १९९२ रोजी खुला झाला. शार्लमेनच्या पहिल्या कुदळीनंतर जवळजवळ बाराशे वर्षांनी!

आता बोट चढते कशी, ते बघा. कालव्यात पायऱ्या आहेत, पाण्याच्या! त्यांना लॉक म्हणतात. लॉक म्हणजे पुढे-मागे दारं असलेला मोठा हौद. बोट आत शिरली की मागचं दार बंद. मग वरच्या बाजूचं पाणी आत सोडतात. हौद भरतो तशी बोट हळूहळू वर येते. पाणी समान पातळीला आलं की पुढचं दार उघडतं. झाली एक पायरी! या कामाला पंप लागत नाही, पाणी आपल्या वजनानेच आत येतं. हौदाची रुंदी १२ मीटर. म्हणजे बोट आत गेली की प्रत्येक बाजूला तुमच्या फूटपट्टीहूनही कमी जागा. आता कळलं ना, बोट लांबुडकी का ते? पूल ठेंगणे आले, तर वरच्या मजल्यावरचे कठडे आडवे करतात आणि कप्तानाची केबिनसुद्धा खाली सरकवतात!

अशा ११ पायऱ्या चढून आपण समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर येतो. आयफेल टॉवरहूनही उंच! काही पायऱ्या तर एकेक पंचवीस मीटरच्या, म्हणजे आठ मजली इमारतीएवढ्या. मग पलीकडे ५ पायऱ्या उतरून केलहाइमला डॅन्यूब नदी भेटते.

पण त्या माथ्यावर पाणी येतं कुठून? ते खालून, डॅन्यूबच्या बाजूने, पंपांनी वर चढवावं लागतं. इथे मात्र पंपांशिवाय भागत नाही. म्हणून बहुतेक लॉकशेजारी जादा टाक्या बांधल्या आहेत. हौद रिकामा करताना बरंचसं पाणी त्यांत साठवतात आणि पुढच्या बोटीला वापरतात. त्यामुळे साठ टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं.

पाणी काय करू शकतं, ते पासाऊला कळतं. इथे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत. जून २०१३ मध्ये इथे पाचशे वर्षांतला सर्वांत मोठा पूर आला. आणि आता काउब आठवा. २०१८ सालच्या दुष्काळात तिथे ऱ्हाईन इतकी आटली, की लोक चालत त्या नदीतल्या किल्ल्यापर्यंत गेले! मालवाहू बोटींना थोडाच माल घेऊन जावं लागलं. महागड्या बोटींचे प्रवासी वाटेत उतरून बसमध्ये बसले. २०२२ च्या उन्हाळ्यातही पाणी असंच खाली गेलं. ऱ्हाईनला उन्हाळ्यात आल्प्समधल्या बर्फाचं पाणी मिळतं, आणि तिथल्या हिमनद्या आता आक्रसत चालल्या आहेत. माणसाने बोट डोंगरावर चढवली खरी, पण नदीत पाणीच नसेल, तर लाख रुपयांचं तिकीट काय कामाचं?

आपण मात्र पुढे जाऊ. वाखाऊ खोऱ्यात जर्दाळूच्या बागा दिसतात. ड्युर्नस्टाइनच्या किल्ल्यात ११९२ साली इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड कैदेत होता. मग येते व्हिएन्ना, आणि शेवटी बुडापेस्ट. नदीच्या एका काठावर बुडा, दुसऱ्या काठावर पेस्ट. १८४९ साली इथे साखळ्यांचा पूल झाला आणि १८७३ साली दोन्ही काठांवरची गावं मिळून एकच शहर झालं.

उतरा आता! आणि घरी एक काम करा. महाराष्ट्राचा नकाशा घ्या. जवळजवळ उगम पावणाऱ्या, पण वेगवेगळ्या समुद्रांकडे जाणाऱ्या दोन नद्या शोधा. त्यांच्यामधली रेघ पेन्सिलने काढा. तोच तुमचा जलविभाजक. आणि तुमच्या गावच्या नदीला मे महिन्यात पाणी किती असतं, तेही आजी-आजोबांना विचारा. त्यांच्या लहानपणी किती असायचं, हे विचारायला विसरू नका हं!