चिरोट्याचें फ्रेंच भावंड

पॅरिस शहरीं कन्येच्या घरीं दोन महिने राहून आल्यावर स्नेह्यांनीं आम्हांस आयफेल मनोऱ्याविषयीं पुष्कळ विचारलें; पावाविषयीं कोणी चकार शब्द काढला नाहीं. आमच्या मतें त्या शहराची खरी ओळख कोपऱ्यावरच्या बुलांजरींत, म्हणजे पावाच्या बेकरींत होते. सकाळीं तेथें वकील, मजूर व शाळकरी मुलें एकाच रांगेंत उभीं असतात, आणि जो आधीं "ब्वांजूर" म्हणत नाहीं त्याच्याकडे दुकानदारीण बाई जराशा थंड नजरेनें पाहतात. इंग्रजी शिकलेल्या मंडळींचें 'प्लीज' तेथें फारसें उपयोगीं पडत नाहीं.

जिन्नस तरी किती! सोन्याच्या विटेसारखा दिसणारा, बदामाच्या पिठाचा फिनान्सिए. तोंडांत घालतांच विरणारें साब्ले, ज्याच्या नांवाचा अर्थच 'वाळूसारखें' असा आहे व ज्याचें नानकटाईवर वाढलेल्या माणसास विशेष नवल वाटणार नाहीं. आणि शिंपल्याच्या आकाराची मादलेन. या मादलेनविषयीं साहित्याचे प्राध्यापक प्रूस्तचें नांव घेऊन फार बोलतात. आम्हीं ती चहांत बुडवून पाहिली. बालपण आठवलें नाहीं. चहा मात्र गोड झाला.

खरी परीक्षा झाली ती क्रॉसाँची. व्हिएन्नाच्या १६८३ सालच्या वेढ्याशीं त्याचा संबंध जोडणारी कथा रसाळ असली तरी दंतकथाच होय. ऑगस्ट त्सांग नांवाच्या ऑस्ट्रियन गृहस्थानें १८३८ च्या सुमारास पॅरिसांत व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, व तेथल्या चंद्रकोरी पावावरून पुढें फ्रेंचांनीं हा पदार्थ घडविला, एवढें इतिहासास धरून आहे. वरून अंड्याचा हात दिलेला असल्यामुळें आमच्या सौ. तो खात नाहींत. त्यांचें पोट साध्या बागेतवर भरे. परंतु तीस वर्षें चिरोटे लाटलेला हात स्वस्थ बसेना. त्यांनीं क्रॉसाँ उजेडाकडे धरून मधोमध फाडला, एकेक पापुद्रा बोटानें उचलला व विचारलें, "अहो, यांत साटा कोठें आहे?"

प्रश्न मार्मिक होता. चिरोट्यांत तूप व तांदुळाची पिठी फेटून केलेला साटा पोळ्यांमध्यें लावतात, वळकटी करून कापतात, लाटतात व तळतात. क्रॉसाँत साट्याच्या जागीं लोण्याची सबंध लादीच आंबविलेल्या पिठांत गुंडाळतात, लाटून तिहेरी घडी घालतात, थंडींत विसावूं देतात, व असें तीनदां करतात. म्हणजे लोण्याचे २७ थर होतात. भट्टींत पाण्याची वाफ होऊन पदर सुटतात. तळणीचें काम वाफ करते.

१९९८ च्या कायद्याप्रमाणें, जेथें पाव जागच्या जागीं मळून, आंबवून, भाजून होत नाहीं त्या दुकानास बुलांजरीची पाटी लावतां येत नाहीं. बागेत करण्याच्या विद्येस २०२२ सालीं युनेस्कोनें आपल्या वारशाच्या यादींत घेतलें. पण कायद्याची ही माया पावापुरती! क्रॉसाँ कारखान्यांतून गोठलेला आणून नुसता भाजला तरी पाटी उतरत नाहीं, आणि तसें करणारे पुष्कळ आहेत. आमच्या कोपऱ्यावर मात्र तो तेथेंच होई. पहांटे चार वाजतां त्या भट्टीचा दिवा लागलेला आम्ही खिडकींतून पाहत असूं.

चिरोटा कौशल्यांत क्रॉसाँहून तिळभर उणा नाहीं. परंतु त्या पहांटेच्या दिव्यास रोजचें गिऱ्हाईक आहे, मोबदला आहे. चिरोट्याची विद्या आपल्या समाजानें माजघरांत ठेविली, दिवाळीच्या फराळापुरती मागितली, आणि ती फुकट मिळते म्हणून तिची किंमत केली नाहीं. आमच्या कन्येनें ती आईपासून उचलली नाहीं, याबद्दल तिला दोष कसा द्यावा? जें काम बिनमोल करावें लागतें तें शिकण्याची हौस कोणास असणार?

निघण्यापूर्वीच्या रविवारीं मात्र तिनें आपण होऊन आईस पोळपाट काढून दिला. फ्रेंच लोणी कढवून तूप झालें, तांदुळाची पिठीही मिळाली. पहिले दोन घाणे कन्येच्या हातून तेलकट झाले. तिसऱ्यास पदर सुटले. नातीनें ते मोजावयास घेतले व बारावर चुकून पुन्हां आरंभ केला. दिवाळीस अजून तीन महिने होते.