कोणता काळ परत मागू?

पावसाळी रविवारी लोहगडवाडीत गाड्यांची रांग लागते, आणि लोहगड चढताना कुणीतरी म्हणतंच, ‘महाराजांच्या वेळचं आता काही उरलं नाही.’ ऐकून माझ्याही पोटात तुटतं.

पण कोणता काळ परत मागू? १६६५ साली पुरंदरच्या तहात हाच गड मोगलांना द्यावा लागला. १६७० मध्ये तो परत घेईपर्यंत खालच्या वाड्यांमध्येही ‘सगळं संपलं’ असं म्हणणारे असतीलच. नाना फडणविसांच्या गणेश दरवाजाखाली तर नरबळी दिला गेला आणि मोबदल्यात बळी गेलेल्यांच्या घराला लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली, असं सांगतात. खरं असेल तर ते वैभव मला नको.

मला हवी आहे ती नानांनीच गडमाथ्यावर बांधलेल्या सोळाकोनी टाक्यामागची काळजी. उंचावर पाणी साठवायचं, टिकवायचं. जुलै २०२५ मध्ये गड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा मी मनापासून आनंदलो. पण गेलेल्या राज्यासाठी हळहळणाऱ्या आपल्याला हातातली रिकामी बाटली खाली घेऊन जाणं जड का व्हावं? मला राग येतो तो याचा.