धरणीचे तरंग

१७ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पाच वाजून छत्तीस मिनिटांनी दिल्ली, नोएडा व गाझियाबाद येथील लोक भूकंपाच्या धक्क्याने जागे झाले. भूकंपाची तीव्रता ४.० होती; केंद्र धौलाकुआँजवळ, जमिनीखाली अवघ्या ५ किलोमीटरवर होते. अनेकांना गडगडाटही ऐकू आला. जमिनीतून आवाज कसा आला?

भूकंपात जमीन वाहत जात नाही. तिचे कण जागच्या जागी कंप पावतात आणि ऊर्जा तेवढी पुढे जाते. तळ्यातले पान लाटेवर वरखाली होते, पण लाटेबरोबर काठाला जात नाही, तसेच हे. यालाच तरंग म्हणतात.

भूगर्भातून प्रथम येतात ते प्राथमिक तरंग. त्यांत खडकाचे कण तरंगाच्या दिशेनेच पुढेमागे हलतात. हे अनुतरंग होत. ध्वनीही याच जातीचा. म्हणून हे तरंग पृष्ठभागी येऊन हवेला ढकलतात, तेव्हा गडगडाट होतो. त्यांच्या मागून दुय्यम तरंग येतात. त्यांत कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात. हे अवतरंग होत. घरांना ते अधिक हादरवतात. पहिले सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावतात, दुसरे सुमारे साडेतीन.

वेगातील या फरकातच माणसाची आशा आहे. धौलाकुआँला त्या पहाटे एक सेकंदही मिळाला नाही. परंतु हिमालयात २५० किलोमीटरवर भूकंप झाला, तर दिल्लीत दोन्ही तरंगांच्या आगमनात सुमारे अर्ध्या मिनिटाचे अंतर पडेल. शिवाय भूकंपाचे तरंग यांत्रिक असल्याने त्यांना माध्यम लागते. रेडिओ तरंग विद्युतचुंबकीय असल्याने माध्यमावाचून सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात. डोंगरातील यंत्राने पहिला तरंग टिपून संदेश धाडला, तर तो विनाशाच्या पुढे पोहोचतो. याच तत्त्वावर रुरकीच्या आयआयटीने विकसित केलेली पूर्वसूचना व्यवस्था २०२१ मध्ये उत्तराखंडात सुरू झाली.

केंद्र पायाखालीच असेल, तर मात्र सूचनेला वेळ उरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या आणि हजारो माणसे दगावली. तेथे भक्कम घरच माणसाला वाचवू शकले असते. यमुनाकाठच्या भुसभुशीत गाळात तरंगाचा आयाम वाढतो; अरवलीच्या कठीण खडकावर तो तितका वाढत नाही. तरंग अडवता येत नाही; त्याचा स्वभाव आणि पायाखालची माती ओळखून घर मात्र बांधता येते.