भिलाई-३ : वॉर्ड, तलाव आणि गणपती

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाची स्थानिक स्वराज्य संस्थेशी खरी गाठ पडते ती भाद्रपदात. एरवी नळाला पाणी आले नाही किंवा गटार तुंबले तर आपण चडफडतो आणि विसरून जातो. पण गणपती बसवायचा ठरला की मंडपासाठी रस्त्याचा तुकडा, विजेची तात्पुरती जोडणी, ध्वनिवर्धकाची परवानगी आणि विसर्जनाची जागा अशा चार गोष्टींसाठी चार कार्यालये गाठावी लागतात. आपल्या वॉर्डाचा क्रमांक, आपला पार्षद (इथे नगरसेवकाला पार्षद म्हणतात) आणि आपल्या गल्लीची हद्द कुणाकडे, हे सारे ज्ञान त्या आठवड्यात होते. मी स्वतः नोकरीनिमित्त ज्या ज्या गावी राहिलो तेथील नागरी कारभार मला असाच कळत गेला. भिलाई-३ त्याला अपवाद नाही.

भिलाई म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर पोलाद कारखाना येणार. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेला करार, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी, आखीव रस्त्यांची सेक्टरे. भिलाई-३ हे त्याहून वेगळे गाव आहे. रायपूरहून दुर्गला जाणाऱ्या जुन्या राष्ट्रीय महामार्ग ६ वर (आताचा ५३) कुम्हारी ओलांडली की ते लागते. हावडा-मुंबई लोहमार्ग त्याला चिकटून जातो आणि शेजारी चरोद्याला रेल्वेचे मोठे मार्शलिंग यार्ड आहे. भिलाई-चरोदा नगरपालिक निगम अशी त्याची स्वतंत्र महापालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ९८ हजार, आणि २०२१ च्या डिसेंबरात निवडणूक झाली तेव्हा वॉर्ड ४०. या ४० वॉर्डांत रेल्वे वसाहत आहे, खाजगी प्लॉट पाडून झालेल्या वस्त्या आहेत, आणि कालपरवापर्यंत जी स्वतंत्र खेडी होती तीही आहेत. नकाशात ती वॉर्ड झाली, मनाने मात्र अजून खेडीच राहिली.

आमच्यासारखे केंद्र सरकारचे नोकर इथे एका विचित्र स्थितीत असतात. राज्यघटनेच्या २८५ व्या कलमानुसार केंद्राच्या मालमत्तेवर राज्याला किंवा स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. म्हणजे आम्ही मत द्यायचे महापालिकेला, रस्ता वापरायचा महापालिकेचा, आणि आमच्या घरावर मालमत्ता कर मात्र नाही. २००९ साली राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर यावर तोडगा निघाला : कर नव्हे, पण मिळणाऱ्या सेवांच्या प्रमाणात सेवाशुल्क द्यावे, ते मालमत्ता कराच्या ७५, ५० किंवा ३३ १/३ टक्के. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात रस वाटतो, कारण जिथे जमिनीचा मोठा भाग रेल्वेचा आहे तिथे नगराच्या तिजोरीचे गणित या एका ओळीवर हलते. गणपतीच्या वर्गणीत मात्र २८५ वे कलम लागू होत नाही. तिथे क्वार्टरवाले आणि घरमालक सारखेच. असो.

मराठी माणूस छत्तीसगडात नवा नाही. १७५८ पासून १७८७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी रतनपूरहून इथला कारभार पाहत होते. रतनपूरच्या रामटेकरीवरचे राममंदिर त्यांचेच. पुढे रेल्वे आणि कारखाना आला तशी विदर्भातून माणसे येत राहिली. पंचांगाची एक गंमत मला इथे आल्यावर कळली. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांची श्रावण अमावास्येची ‘हरेली’ ही आपली आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस. शेतकरी त्या दिवशी नांगर-कुदळ धुऊन पूजतो, पोरे गेंडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चालत फिरतात. पुढच्या अमावास्येला ते ‘पोरा’ म्हणतात आणि आपण पोळा. मातीचे बैल दोन्हीकडे. तिसऱ्या दिवशीची हरतालिका इथे ‘तीजा’. लग्न झालेल्या मुलीला भाऊ किंवा बाप माहेरी घेऊन येतो, उपासाच्या आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, ‘करू भात’, खातात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या बाया तलावावर जातात.

आमच्या मोहल्ल्यातला वाद याच तलावावरून झाला.

तलाव फार मोठा नाही. एका बाजूला पायऱ्या, पलीकडे पिंपळ. हा निस्तारी तलाव आहे. ‘निस्तार’ हा शब्द महाराष्ट्रात फक्त पूर्व विदर्भात कळेल. गावकऱ्यांना जळण, चराई, आंघोळ, कपडे धुणे, गुरांना पाणी पाजणे यासाठी सामाईक जागा वापरण्याचा जो हक्क, तो निस्तार. मालगुजारीच्या काळात तो ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दस्तऐवजात नोंदलेला असे. मालगुजारी १९५१ साली गेली आणि १९५९ च्या भू-राजस्व संहितेने निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज दोन्ही कायम ठेवली. भंडारा-गोंदियाच्या वाचकांना ‘मामा तलाव’ माहीत असतील. मामा म्हणजे माजी मालगुजारी. तेच कूळ.

मंडळाचा गणपती कित्येक वर्षे याच तलावात जात असे. मूर्ती लहान आणि मातीची होती तोवर कुणी काही बोलले नाही. पण मोहल्ला वाढला, तेलुगू, ओडिया, बिहारी कुटुंबे आली, वर्गणी वाढली आणि मूर्तीही वाढली. प्लास्टरची, तैलरंगाची, आठ फुटांची. विसर्जनानंतर महिनाभर पायऱ्यांशी लोखंडी सळ्या आणि काथ्या पडून राहू लागल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे २०१० पासून आहेत, २०२० साली ती सुधारली. पण आमच्या वादाला तोंड फोडले ते त्या कागदाने नव्हे. मंडळाच्या तयारीची बैठक चालली असताना जुन्या वस्तीतल्या पाच-सहा बाया मंडपाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली वयस्क होती ती मला म्हणाली, “साहेब, इहां गनेस ला ठंडा करहू त हमन कहां नहाबो?” विसर्जनाला इथे ‘ठंडा करना’ म्हणतात. गणपती इथे बुडवलात तर आम्ही आंघोळीला कुठे जावे, हा प्रश्न होता. घरी नळ आहे, पण तो सकाळी थोडा वेळ येतो.

मंडळातली तरुण मुले चिडली. त्यांचे म्हणणे, तलाव सर्वांचा, आमच्याही आज्या-पणज्या इथेच विसर्जन करत आल्या. आमच्यात नागपूरकडचे एक निवृत्त गार्ड आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. ते सरळ मला म्हणाले, “मंग हा तलाव हाय तरी कोनाचा म्हनावा, साहेब? तुमी सरकारी मानूस, तुमीच सांगा.”

सांगणे सोपे नव्हते. मी दोन कार्यालयांत चौकशी केली. महसूल खात्याच्या खसऱ्यात तलाव शासकीय, आणि गाव असतानाच्या नोंदीप्रमाणे निस्तारी. नगराच्या बाजूने विचारले तर देखभाल, घाट, स्वच्छता निगमाकडे. दोन्हीकडची माणसे सौजन्याने बोलली आणि दोन्ही उत्तरे बरोबर होती. पण नानांचा प्रश्न मालकीचा नव्हताच. कुणाचे ऐकायचे आणि ते कुठे बसून ठरवायचे, हा तो प्रश्न होता.

इथे मला घटनेतील एक फट दिसते. ७३ व्या दुरुस्तीने गावाला ग्रामसभा दिली. तलावात गणपती बुडवावा की नाही, हे ठरवायला गावातला प्रत्येक मतदार हक्काने बसू शकतो. ७४ व्या दुरुस्तीने नगरांना वॉर्ड समित्या दिल्या, पण कलम २४३ एस वाचा : त्या अनिवार्य आहेत तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या नगरांतच. म्हणजे जे खेडे लहान शहरात विलीन झाले त्याची ग्रामसभा गेली आणि वॉर्ड समितीही अनिवार्य राहिली नाही. उरला एक पार्षद, पाच वर्षांतून एकदा निवडलेला. तो कितीही भला असला तरी पिंपळाखालच्या पारावर बसलेल्या शंभर माणसांची जागा कशी घेणार?

इंग्लंडच्या खेड्यात हे निराळे आहे. १८९४ च्या कायद्याने तिथे पॅरिश कौन्सिले आली. सदस्यांना पगार नाही; विषय बाके, दिवे, स्मशानभूमी, खेळाचे मैदान, राणी होती तेव्हा तिच्या ज्युबिलीचा समारंभ. पण दरवर्षी १ मार्च ते १ जून या काळात पॅरिशची वार्षिक सभा घ्यावीच लागते आणि तीत कुठलाही मतदार उठून बोलू शकतो. शिवाय कौन्सिल जो खर्च करणार त्यासाठी ‘प्रिसेप्ट’ मागते आणि तो आकडा प्रत्येक घराच्या करबिलावर वेगळा दिसतो. आमच्याकडे स्थानिक संस्थेचा मोठा खर्च राज्याकडून येणाऱ्या अनुदानावर, चुंगी क्षतिपूर्तीवर (जकात गेली, तिची भरपाई) चालतो. पैसा वरून येतो तेव्हा हिशेबही लोक वरच विचारतात, किंवा विचारतच नाहीत. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब मात्र फलकावर खडूने लिहावा लागतो आणि पन्नास रुपयांसाठी माणसे भांडतात. माझ्या मते मोहल्ल्यातली ही एकच खरी करप्रणाली आहे.

म्हणून त्या वर्षी मी एवढेच सुचवले की विसर्जनाचा निर्णय मंडळाने एकट्याने घेऊ नये. पोळ्याच्या संध्याकाळी सगळ्या घरांना बोलवावे, तलावावर येणाऱ्या बायांना पुढे बसवावे, पार्षदांनाही बोलवावे. सभा रात्री दहापर्यंत चालली. आरडाओरडा झाला. ठरले ते असे : मूर्ती मातीची, तीन फुटांच्या आत; विसर्जन तलावाशेजारी खणलेल्या, प्लास्टिक अंथरलेल्या कुंडात; कुंडाचा खर्च मंडळाच्या वर्गणीतून; आणि पायऱ्यांची दुरुस्ती पार्षदांनी निगमात मांडायची. कार्यवृत्त मी लिहिले, हिंदीत, आणि खाली अंगठ्यांसह एकाहत्तर सह्या झाल्या. त्या कागदाला कायदेशीर किंमत शून्य आहे.

तरुणांपैकी काहींना ते पटले नाही. त्यांनी पुढच्या वर्षी वेगळे मंडळ काढले, मोठी मूर्ती आणली आणि ट्रकने दुर्गला शिवनाथ नदीवर नेली. त्यांच्या डीजेवरून पुन्हा एक सभा घ्यावी लागली. तिला मात्र न बोलावता लोक आले. पायऱ्यांचे काम मंजूर झाले आहे, सुरू व्हायचे आहे. तीजेच्या पहाटे बाया त्याच तुटक्या पायऱ्यांवरून उतरतात, आणि वर्गणीच्या फलकावर गेल्या वर्षीचे ४१० रुपये शिल्लक अजून लिहिलेले आहेत.