झाकता येणारा रंग

नव्यानं चित्र काढायला बसणाऱ्याच्या हाती आधी जलरंगच द्यावेत, ॲक्रिलिक नव्हे, असं मी वर्षानुवर्षं ठामपणे सांगत आले. भाचरांना सांगितलं, ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगितलं, निवृत्तीनंतर काहीतरी शिकावं म्हणून विचारायला आलेल्या शेजाऱ्यांनाही. आज मी नेमकं उलट सांगते. असं का झालं ते लिहायला हवं, कारण ते जुनं मत माझ्या एकटीचं नव्हतं. चित्रकलेची आवड असलेल्या कितीतरी मराठी घरांत ते अजून आहे.

माझ्यात ते आलं कोल्हापुरातून. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात वाढलेल्या मुलांना चित्रकला वेगळी शिकवावी लागत नाही असं आम्हाला वाटायचं. रंकाळ्याच्या काठावर मांडीवर पॅड घेऊन बसलेलं कुणी ना कुणी दिसायचंच. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करताना बाईंनी एक शिस्त लावली होती: पारदर्शक जलरंगात पांढरा रंग घ्यायचा नाही, उजेडाची जागा कोरी सोडायची, कागदच पांढरा. पुढे कळलं की मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं हळदणकरांचं चित्र जलरंगातलं आहे. बोटांच्या आडून झिरपणारा तो उजेड एकदा पाहिला की दुसऱ्या कुठल्या माध्यमाकडे बघावंसं वाटत नाही. ॲक्रिलिक म्हणजे आमच्या लेखी पाट्या, कुंड्या आणि भेटवस्तू रंगवायचं प्लॅस्टिक.

पण माझा खरा आक्षेप वेगळा होता. जलरंगात लावलेला हात मागे घेता येत नाही, म्हणून माणूस आधी नीट बघतो, मग ब्रश उचलतो. ॲक्रिलिकमध्ये बिघडलं की वरून झाकता येतं. झाकायची सोय असली की बघायची सवय कशी लागणार, असं मी म्हणायचे. हा युक्तिवाद मला अजूनही पोकळ वाटत नाही. ज्यांचा हात लहानपणापासून चालता आहे, त्यांना तो लागू पडतो.

नोकरी संपल्यावर मी पुन्हा जलरंग उघडले, तेव्हा माझाच हात चालता राहिलेला नव्हता. सगळी चित्रं फिकी यायची. गडद छटा लावायची वेळ आली की मी थांबायचे, कारण ती चुकली तर कागद वाया. सावली हवी तेवढी गडद झाली नाही तर उजेड उजेडासारखा दिसत नाही, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं आणि हाताला येणं यांत फार अंतर आहे. घराजवळ एक वर्ग चालायचा, तिथं सर ॲक्रिलिकच शिकवायचे. जवळ होता म्हणून गेले.

तिथं पहिलं स्थिरचित्र मांडलं होतं तांब्याच्या कळशीचं. मागे पांढरी भिंत, खाली पिवळट कापड, डावीकडून खिडकीचा उजेड. मी कळशी तांबूस तपकिरी रंगवली आणि मधोमध चमक म्हणून पांढरा पट्टा ओढला. सर म्हणाले, "ताई, डोळे बारीक करून बघा, आणि मग झाकून टाका." डोळे बारीक केले तर सावलीची बाजू तपकिरी नव्हतीच. ती काळपट जांभळ्याकडे झुकलेली होती. बर्न्ट सायनात अल्ट्रामरीन मिसळून मी ती बाजू पुन्हा रंगवली. दहा-पंधरा मिनिटांत थर वाळला, आणि आता उजेडाची बाजू खोटी दिसू लागली. तीही बदलली. मग लक्षात आलं, सावलीच्या अगदी कडेला कापडाचा पिवळा उजेड उलटून पडला आहे. त्या बारीक रेघेशिवाय कळशी गोल दिसेना. आणि ती चमक? पट्टा नव्हताच तो. गळ्याजवळ एक लहानसा ठिपका होता, बस.

माझं मत बदललं ते त्या कळशीवर. बोर्ड तोच, रेखाटन तेच, मांडणी तीच. दर वेळी फक्त एक गोष्ट बदलत होती आणि तिनं काय साधलं हे समोर दिसत होतं. जलरंगात चित्र फसलं की मी नवा कागद घ्यायचे. नव्या कागदावर रेखाटन वेगळं यायचं, मांडणी हलायची, रंगाचं पाणी कमी-जास्त व्हायचं. दुसरं चित्र बरं आलं तरी ते कशामुळे, ते कळायचं नाही. झाकता येणं म्हणजे पळवाट अशी माझी समजूत होती. कळशीपुढे बसल्यावर ती मला तपासून बघायची रीत वाटू लागली.

प्लॅस्टिकचं म्हणाल तर ते खरंच आहे. रंगद्रव्य ॲक्रिलिक पॉलिमरच्या कणांबरोबर पाण्यात कालवलेलं असतं. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांत मिसळून एकसंध पापुद्रा बनतो, आणि तो पुन्हा पाण्यानं विरघळत नाही. म्हणून तर खालच्या थराला धक्का न लावता वर रंगवता येतं. पाण्यात मिसळणारे असे रंग चित्रकारांच्या हाती आले 1950 च्या दशकात, म्हणजे हे माध्यम अजून शंभर वर्षांचंही नाही. डेव्हिड हॉकनी यांचं 'अ बिगर स्प्लॅश' हे 1967 चं चित्र ॲक्रिलिकचं आहे. आकाश, भिंत, तलाव हे सपाट भाग रोलरनं भरलेले. पाण्याचा तो क्षणभराचा उडालेला फवारा मात्र त्यांनी लहान ब्रशांनी सुमारे दोन आठवडे रंगवला. झटपट वाळणारा रंग घाईचा असतो, हा समज त्या फवाऱ्यापुढे टिकत नाही. आणि आपले वारली चित्रकार कॅनव्हासवर तांदळाच्या पिठाऐवजी अनेकदा ॲक्रिलिकचा पांढराच वापरतात. त्यांची रेघ त्यानं परकी झालेली मला दिसली नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. संध्याकाळचं आकाश, एका रंगातून दुसऱ्यात अलगद विरघळणारं, ॲक्रिलिकमध्ये अवघड जातं. अर्ध्यावरच रंग धरतो. ओल्या कागदावर जलरंग स्वतःहून पसरतो आणि चित्रकाराला न सुचलेलं काहीतरी करून जातो, ते इथं जवळजवळ नाही. शिवाय ओला असताना रंग दुधाळ माध्यमामुळे फिका दिसतो, वाळल्यावर गडद होतो. जलरंगात याच्या उलट घडतं, त्यामुळे तिथून आलेल्याला सुरुवातीला प्रत्येक छटा हुकल्यासारखी वाटते. एप्रिल-मे महिन्यात तर पॅलेटवरच साय धरते. त्यावर उपाय सोपा आहे: पसरट डब्यात ओला टिश्यू, त्यावर बेकिंगचा कागद, आणि रंग त्या कागदावर काढायचे. ब्रश कधीही कोरडा पडू द्यायचा नाही. केसांत रंग एकदा वाळला की तो ब्रश गेला.

रंकाळ्यावर जाताना आजही मी जलरंगच नेते. पण सुरुवात कशानं करावी, या प्रश्नाला माझं उत्तर आता ॲक्रिलिक हेच आहे, आणि विशेषतः पन्नाशी-साठीत पहिल्यांदा ब्रश धरणाऱ्यांसाठी. त्यांना शाळेतल्या मुलासारखी वर्षं वाया घालवायची मुभा नसते, आणि बिघडण्याची भीती मात्र मुलापेक्षा कितीतरी जास्त असते.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर चोवीस रंगांचा संच आणू नका. टिटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, बर्न्ट सायना, यलो ऑकर आणि एक लाल, एवढ्या ट्यूब पुरतात. पांढरी तेवढी मोठी घ्या. दोन चपटे सिंथेटिक ब्रश आणि एक कॅनव्हास बोर्ड द्या. आणि पहिलं चित्र बिघडलं म्हणून ते नवा बोर्ड मागतील, तेव्हा देऊ नका. त्याच बोर्डावर पुन्हा रंगवायला सांगा.