वसंत पौर्णिमेचे नाट्यगृह

मराठी माणूस जेथे जातो तेथे गणपती, वाचनालय आणि नाटक ही तीन बिऱ्हाडे बरोबर नेतो, असे थट्टेने म्हटले जाते. रायपूरच्या बाबतीत ही थट्टा अक्षरशः खरी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर अठराव्या शतकात छत्तीसगडात आलेली घराणी आणि पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर असताना बदलीवर आलेले मास्तर, मुन्सफ, पोस्टमास्तर व रेल्वेबाबू, या सर्वांनी मिळून येथे जो मराठी समाज उभा केला त्याची नाळ नागपूरलाच जोडलेली राहिली. नाटक पाहावे तर नागपूरला जाऊन. नट यावेत तर पुण्यामुंबईहून, आणि तेही नागपूरचा मुक्काम आटोपून पुढे यायचे जमले तर. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, २००० साली छत्तीसगड वेगळे झाले, रायपूरला राजधानीचा मान मिळाला. पण नाटकाचा विषय निघाला की इथल्या मराठी मंडळींच्या माना अजूनही पश्चिमेकडे वळतात.

आणि गंमत अशी, की भारतातील सर्वांत जुने म्हणून ज्याचे नाव घेतले जाते ते नाट्यगृह याच राज्यात, रायपूरहून रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर आहे. दुर्गहून येणारी अंबिकापूर एक्स्प्रेस रात्री रायपूरला गाठावी, सकाळी अंबिकापूरला उतरावे, आणि बिलासपूरच्या रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर मागे येऊन उदेपूर गाठावे. तेथून जवळच रामगडचा डोंगर आहे. डोंगराच्या पोटातून हाथीपोल नावाचे एक नैसर्गिक भुयार आरपार गेले आहे. नावाप्रमाणे हत्ती सहज जाईल एवढे ते उंच आहे. त्याच्या वरच्या अंगाला दोन गुहा आहेत. एक जोगीमारा, दुसरी सीताबेंगरा. बेंगरा म्हणजे खोली. वनवासात सीता येथे राहिली, अशी लोकांची श्रद्धा आहे.

सीतेच्या या खोलीची लांबी सुमारे ४४ फूट व रुंदी १५ फूट; उंची मात्र माणसाला जेमतेम ताठ उभे राहू देणारी. आत भिंतींना धरून ओटे कोरले आहेत. बाहेर, दाराच्या समोर, चंद्रकोरीसारख्या वळणाने दगडातच पायऱ्यांच्या बैठका काढलेल्या आहेत. उंबऱ्याशी जमिनीत दोन खळगे आहेत. तेथे खांब रोवून पडदा बांधीत असावेत, असा तर्क आहे. दारावर ब्राह्मी लिपीत दोन ओळींचा लेख आहे. हे सर्व पाहून थिओडोर ब्लॉख या जर्मन पंडिताने १९०४ साली, हिंदुस्थानात ग्रीक नाट्यगृह सापडले, असे जाहीर केले. ग्रीकांचा संबंध पुढे बहुतेकांनी नाकारला. काहींनी तर हे नाट्यगृहच नव्हे, असेही म्हटले. या वादात माझ्यासारख्याने पडू नये. परंतु नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडप डोंगरातील गुहेच्या आकाराचा असावा व त्यात वारा थोडा यावा म्हणजे आवाज घुमतो, असे सांगितले आहे. आणि कुमारसंभवात कालिदासाने गुहेच्या दारावर लोंबणाऱ्या मेघांना पडद्याची उपमा दिली आहे. ज्यांनी अशी गुहा पाहिली, तिच्यात बोलून पाहिले, त्यांनाच हे सुचावे, असे मला वाटते. मी आत उभा राहून हलक्या आवाजात माझे स्वतःचे नाव उच्चारले. बाहेरच्या पायरीवर बसलेल्या माझ्या सोबत्याने तेथूनच ओ दिली.

शेजारच्या जोगीमाऱ्यात छताला लाल, काळ्या, पांढऱ्या रंगांची अतिप्राचीन चित्रे आहेत, आणि ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला मानलेला एक लेख आहे. सुतनुका नावाची देवदासी होती व तिच्यावर वाराणसीच्या देवदिन्न नावाच्या ‘रूपदक्षा’ने प्रेम केले, एवढाच त्याचा मजकूर. रूपदक्ष म्हणजे कोण? कोणी शिल्पी म्हणतात, कोणी चित्रकार. पण खारवेलाच्या हाथीगुंफेच्या लेखात राजपुत्राच्या शिक्षणातील विषय म्हणून लेख आणि गणना यांच्या जोडीला ‘रूप’ येते व तेथे त्याचा अर्थ नाणी किंवा हिशेब असा करतात. त्यावरून देवदिन्न हा जमाखर्च सांभाळणारा एक अंमलदार असावा, असेही काही विद्वानांचे मत आहे. केंद्र सरकारच्या कचेरीत तेरा वर्षे कारकुनी करणाऱ्याला यांपैकी कोणते मत प्रिय होईल हे सांगायला नकोच.

हे नाट्यगृह पुन्हा जागे करावे, छत्तीसगडातल्या कलांचे ते एक ठिकाण व्हावे, असे अनेकांना वाटते, आणि त्या दिशेने काही झालेले नाही असे नाही. दर वर्षी आषाढाच्या पहिल्या दिवशी तेथे रामगड महोत्सव भरतो. शोधनिबंध वाचले जातात, कविसंमेलन होते, रात्री मंडपात करमणुकीचे कार्यक्रम होतात. तिथी अर्थातच मेघदूतातून घेतली आहे. कालिदासाचा रामगिरी हाच, असे इकडे मानतात. महामहोपाध्याय मिराशींनी रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे मांडले, आणि आम्ही त्याच मतावर वाढलो. आता आम्ही राहतो छत्तीसगडात! पण पंचांगाने यातून सुंदर वाट काढली आहे. इकडचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. त्यामुळे रामगडावर आषाढाचा प्रथम दिवस येतो तेव्हा मराठी पंचांगात ज्येष्ठ वद्य प्रतिपदा असते, आणि रामटेकचा आषाढ पंधरवड्याने उगवतो. एकच मेघ दोन्ही गावांना वेळेवर पोहोचू शकतो.

माझा आक्षेप तिथीलाच आहे. आषाढ हा यक्षाचा महिना, गुहेचा नव्हे. गुहेच्या दारावरच्या लेखाने आपला दिवस स्वतःच सांगून ठेवला आहे. ब्लॉख यांच्या वाचनाप्रमाणे त्यात कवींची थोरवी सांगितली आहे, आणि वसंतातल्या पौर्णिमेला, झोपाळ्यांच्या उत्सवात, हास्य व गाण्याच्या गजरात लोक गळ्यात फुलांच्या माळा घालतात, असे म्हटले आहे. जेमतेम दोन ओळी. पण त्यांत उत्सव आहे, तिथी आहे, प्रेक्षक आहेत. मग पावसाळ्याच्या तोंडावर कापडी मंडप का ठोकायचा? फाल्गुनी पौर्णिमेला आभाळ स्वच्छ असते, साल वृक्षांखाली पाचोळा कोरडा असतो, आणि दिव्यावाचून माणसाचा चेहरा दिसेल एवढे चांदणे असते.

हा विचार डोक्यात घोळत असताना त्याची परीक्षा झाली ती गोल बाजारात. रायपूरला न आलेल्या वाचकांना सांगायला हवे, की मालवीय रोडला लागून असलेला हा बाजार म्हणजे गल्लीत गल्ली गुंतलेले जुने पेठेचे जाळे आहे. पूजेचे सामान, मसाले, भांडी, लग्नातले मौर, सणावाराच्या माळा, सारे हाताच्या अंतरावर. घरच्या सत्यनारायणासाठी मी एका दुकानाशी उभा होतो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ काजळ, कुंकू आणि चमकीच्या पुड्या मोठ्या चोखंदळपणे निवडीत होते. दुकानदार त्यांना ‘कका’ म्हणत होता. चौकशी केली तेव्हा कळले, की ते दुर्गकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी नाचा पार्टीत ‘परी’ होत असत, म्हणजे स्त्रीभूमिका करीत, आणि आता नातवाच्या पार्टीचे सामान तेच नेतात. “पोरांना रंग कळत नाही,” ते म्हणाले.

मी त्यांना बबा म्हणून हाक मारली व रामगडची सारी हकीकत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली. मग विचारले, “कोन देखही, बाबू?”

कोण पाहणार! मी म्हणालो, चाळीस माणसे पाहतील. जागाच तेवढ्यांची आहे. त्यावर त्यांनी एकामागून एक जे प्रश्न विचारले ते कोणत्याही परिसंवादात ऐकायला मिळणार नाहीत. बाजा कुठे बसणार? गुहेत ढोलक वाजला तर बोल ऐकू येतील का? बायका कुठल्या अंगाला बसतील? सरगुजाची बोली वेगळी, तिकडच्या माणसांना आमचा जोक्कड हसवील का? आणि शेवटी, खेळ पहाटे संपला म्हणजे पार्टीने झोपायचे कुठे? जाता जाता एक सल्लाही त्यांनी दिला: होळीच्या सुमारास मोहाची फुले गळू लागतात, माणसे पहाटेच्या आधी ती वेचायला जातात; तेव्हा रातभर खेळ लावू नका, मध्यरात्री संपवा.

बोलीचा प्रश्न त्यातल्या त्यात मला सोपा वाटतो, कारण त्याचे उत्तर याच शहरात जन्मलेल्या माणसाने देऊन ठेवले आहे. हबीब तन्वीर १९२३ साली रायपूरला जन्मले. १९५८ साली त्यांनी दिल्लीत शूद्रकाचे मृच्छकटिक ‘मिट्टी की गाडी’ म्हणून केले, तेव्हा नाचातले सहा छत्तीसगडी नट ते बरोबर घेऊन गेले. संस्कृत नाटक हे पंडितांचे, आणि नाचा हा अडाण्यांचा, ही समजूत तेथे मोडली. विदूषक आणि जोक्कड यांची भेट झाली, आणि दोघे एकमेकांना ओळखीत होते असे दिसले. तेव्हा सीताबेंगऱ्यासमोर भासाचे एखादे एकांकी नाटक सरगुजिया बोलीत, करमा आणि शैला नाचणाऱ्या तिथल्याच मंडळींनी केले, तर त्यात परके काही नाही. पुहपुटऱ्याच्या सोनाबाई रजवार यांनी मातीच्या जाळ्यांनी ज्या मुलखात घराच्या भिंती जिवंत केल्या, तेथे रंगभूषेसाठी दिल्लीहून कोणी आणण्याची गरज पडू नये.

बाहेरच्या जगात हे झालेले आहे. ग्रीसमध्ये एपिदॉरसचे प्राचीन नाट्यगृह शतकानुशतके मातीखाली होते. १८८१ पासून ते उकरले गेले, १९३८ साली तेथे सोफोक्लीजचे ‘इलेक्ट्रा’ आधुनिक ग्रीक भाषेत झाले, आणि १९५० नंतरच्या दशकापासून तेथे दर उन्हाळ्यात नाटके होतात. लोक दगड पाहायला येत नाहीत, नाटक पाहायला येतात. दगड त्यांना आपोआप दिसतो. आमच्याकडे उलट आहे. रस्ता होतो, कमान होते, फरशी बसते, फलक लागतो, आणि नाटक तेवढे राहून जाते.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले तेव्हा माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. शाहू महाराजांनी १९१५ साली उघडलेल्या त्या वास्तूत त्यांच्या आज्यापणज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती पुन्हा उभी राहावी अशी मागणी दुसऱ्या दिवशीच सुरू झाली. सीताबेंगऱ्यासाठी रडणारा कोण? तेथे शेवटची टाळी वाजली त्याला दीड-दोन हजार वर्षे झाली असतील. हसदेवच्या जंगलात, याच उदेपूर भागात, २०१३ पासून कोळशाची मोठी खाण चालू आहे, आणि सुरुंगांनी रामगडाला तडे जात आहेत अशी तक्रार २०२५ साली जाहीरपणे होऊन तिच्यावर वादही झाला. सरकारी नोकराने यावर किती बोलावे याचे नियम आहेत व ते मला पाठ आहेत. एवढे मात्र म्हणतो, की ज्या जागी दर वर्षी चाळीस माणसे नाटक पाहतात तिला तडा गेला तर तो चाळीस माणसांच्या ध्यानात येतो.

नियमांचा विषय निघालाच आहे तर तोही पाहू. १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित स्मारकात परवानगीवाचून समारंभ करता येत नाही, आणि २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी घातली आहे. कित्येकांना ही अडचण वाटते. मला ती सोय वाटते. सिमेंटचा रंगमंच होणार नाही, पत्र्याची शेड होणार नाही, ध्वनिक्षेपकाचे खांब पुरले जाणार नाहीत. जोगीमाऱ्यातल्या चित्रांना धूर व गर्दी सोसणार नाही, म्हणून ती गुहा त्या रात्री बंदच ठेवावी. मशाली नकोत, चांदणे आणि झाकलेले चार कंदील पुरेत.

या सर्वांचे एक टिपण मी सुट्टीच्या दिवशी, घरच्या कागदावर तयार केले आहे. प्रेक्षक चाळीस, तिकीट नाही, पहिला हक्क उदेपूरच्या आसपासच्या गावांचा. नट दहा, बाजा तीन माणसांचा व तो गुहेबाहेर, उजव्या अंगाला. खेळ मध्यरात्रीपूर्वी समाप्त. खळग्यांत खांब रोवायचे नाहीत, पडदा दोघांनी हातात धरावा, कथकळीत धरतात तसा. मुक्कामाचा रकाना बरेच दिवस कोरा होता. परवा उदेपूरकडच्या एका शिक्षकांनी कळवले, की होळीच्या सुट्टीत शाळेच्या दोन खोल्या मिळू शकतील. सतरंज्या मात्र आपल्या आपण आणाव्यात. मी रकान्यात ‘दोन खोल्या’ असे लिहिले, आणि खर्चाच्या यादीत पंधरा सतरंज्या वाढवल्या.